सात नंबरची कोरी बाटली

त्या मंगळवारी सहा नंबरच्या टाकीला कुलूप नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कुलूप होतं, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर होता. शहाण्या माणसाने अशा वेळी मुकाट्याने परत फिरावं. थेंबबाई मात्र परत फिरणाऱ्यांतली नव्हती.

थेंबबाई हे नाव विद्यार्थ्यांनी दिलेलं, अर्थात पाठीमागे. पर्यावरण अभियांत्रिकी विभागात ती नऊ वर्षं शिकवत होती आणि तिचा सगळा जीव एकाच गोष्टीत होता... पाण्यात जे डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही आणि तरी असतं, ते शोधून काढणं. डोकेदुखीच्या गोळीचा अंश, चहाचा अंश, साबणाचा अंश. तलावभर पाण्यात चिमूटभर. माणूस काय पितो, काय लावतो आणि काय लपवतो, ते सगळं त्याचं पाणी सांगून टाकतं, असं ती पहिल्याच तासाला वर्गाला बजावायची. वर्ग तिला घाबरून असायचा.

तर सहाला कुलूप म्हणून तिने जीप सात नंबरकडे वळवायला सांगितली. बरोबर तिची संशोधक विद्यार्थिनी होती, मोठ्या चष्म्याची, मांडीवर बाटल्यांचा खोका सांभाळत बसलेली. टाकी टेकाडावर होती. फाटक उघडं होतं, पण आत पाऊल टाकलं आणि लोखंडी जिन्यावरून आवाज आला.

"पत्र आहे?"

तिने वर पाहिलं. बाह्या दुमडलेला एक माणूस अर्ध्या जिन्यात उभा होता, हातात पाना.

"आहे. सहा नंबरचं आहे."

"ही सात आहे."

"मला मोजता येतं."

"मग वाचताही येत असेल," तो शांतपणे म्हणाला. "पत्रावर सहा लिहिलंय."

चष्मेवालीने डोळे मिटून घेतले. आता मॅडम याला सोलणार, याची तिला खात्रीच होती. पण तो खाली आला, कचेरीत फोन लावला, पाच मिनिटांत परवानगी घेतली, वहीत वेळ टिपली आणि मग तिच्या हातातल्या तपकिरी काचेच्या बाटलीकडे संशयाने बघत विचारलं, "बाटली धुतलीय ना?"

नऊ वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हा प्रश्न ती विचारायची आणि पोरं थरथरायची.

"सात वेळा," ती म्हणाली.

"हं... चालेल. नाही, चार हजार घरं हे पाणी पितात, म्हणून विचारलं."

आणि ती हसली. मॅडम हसल्या, ही बातमी संध्याकाळपर्यंत विभागभर झाली होती.

त्यानंतर दर मंगळवारी सात नंबर तिच्या यादीत आलं. सहाचं कुलूप पुढच्याच आठवड्यात निघालं होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. कचेरीत सगळे त्या टाकीवाल्याला 'सात नंबर'च म्हणायचे, मग तीही म्हणू लागली. तोंडावर मात्र "अहो".

तो काही फार बोलका नव्हता. पण तिच्या खोक्यासाठी नळाशेजारी एक फळी येऊन बसली. नळाचा थेंब तिच्या बुटावर पडायचा, तर पुढच्या मंगळवारी नळाला नवीन वॉशर होता. एकदा भुरभुर पाऊस होता, तेव्हा तो छत्री घेऊन आला आणि ती बाटल्यांवर धरून स्वतः भिजत उभा राहिला. तिच्या डोक्यावर धरली असती, तर ती कदाचित रागावली असती. बाटल्यांवर धरली, तिथेच गोची झाली.

"तुम्ही भिजताय," ती म्हणाली होती.

"मी धुतलेलाच आहे."

"सात वेळा?"

"आज सकाळपासून मोजलं नाही..."

आता नमुना घेण्याचे नियम म्हणजे काय, ते एकदा सांगायला हवं. नमुन्याच्या दिवशी चहा प्यायचा नाही, कारण चहाचा अंश मोजायचा असतो. क्रीम लावायचं नाही, पावडर नाही, वासाचा साबण नाही, सेंट तर नाहीच. थेंबबाईने नऊ वर्षांत कसलाही सुवास अंगाला लावला नव्हता. बाटलीच्या झाकणाला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाची असते ती कोरी बाटली. तिच्यात प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी भरतात. जिथे नमुना घ्यायचा, तिथेच ती उघडायची, काम होईस्तोवर उघडी ठेवायची आणि बंद करून परत आणायची. हवेतून, हातातून, श्वासातून जे काही नमुन्यात शिरलं असेल, ते या कोऱ्या पाण्यातही शिरतं. कोऱ्या बाटलीत काही सापडलं, तर समजायचं की दोष पाण्याचा नाही, आपला आहे. तिच्या सरांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तिने डॉक्टरेट केली त्यांनी, तिला पहिलं वर्षभर नुसत्या बाटल्या धुवायला लावल्या होत्या. कोरी बाटली हा आपला आरसा, त्यात बघायचं धाडस नसेल त्याने पाण्याला नावं ठेवू नयेत, असं ते म्हणायचे.

हे सगळं तिला तोंडपाठ होतं. आणि तरी सात नंबरवर तिने झाकण त्याच्या हातात द्यायला सुरुवात केली. तिचे दोन्ही हात गुंतलेले असायचे, हे कारण होतं. पूर्वी ती झाकण स्वतःच सांभाळायची, हेही खरं होतं.

दुसरी गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा नीटशी नाही. कोरी बाटली उघडून, मांडून, नोंद करून बंद करायची म्हणजे दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं तिला हवी होती. म्हणून टेकाडाच्या पायथ्याशी, जीपमध्येच ती बाटली उघडून बंद करू लागली. चष्मेवाली खोके उतरवण्यात गुंतलेली असायची, तिच्या लक्षातही आलं नाही. वहीत मात्र नोंद पडायची, 'कोरी बाटली, सात नंबर.' मग ती दहा मिनिटं ते दोघं जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बोलायचे. कशाबद्दल... तर पंपाच्या आवाजाबद्दल. त्याच्या घरी आई आणि एक उर्मट बोका होता, त्याच्याबद्दल. काहीच नाही तर पाण्याच्या पातळीबद्दल. माणसं याहून रुक्ष विषयांवर प्रेमात पडलेली आहेत.

पंधरा मंगळवार झाले आणि आकडे आले.

सात नंबरच्या पाण्यात एक सुगंधी रसायन सापडलं होतं. साबणात, धुण्याच्या पावडरीत, सेंटात घालतात तसलं. बाकी कुठल्याच टाकीत ते नव्हतं. आठव्या आठवड्यापासून ते दिसायला लागलं होतं आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढत होतं. कोरी बाटली मात्र स्वच्छ. याचा अर्थ एकच निघत होता... कुठलंतरी सांडपाणी टाकीत झिरपतंय. टाकीच्या मागच्या उतारावर कपडे धुण्याचा एक कारखाना होताच.

"पण मॅडम," चष्मेवालीने चष्मा वर सारत विचारलं, "सांडपाणी असतं तर चहाचा अंशही वाढायला हवा ना? औषधांचा? तो तर नाहीये."

"कपड्यांच्या कारखान्यात चहा धूत नाहीत," ती म्हणाली. प्रश्न चांगला होता, पण आकडे आपल्याला हवे तसे आले की माणूस प्रश्नांकडे कानाडोळा करतो.

शुक्रवारी दुपारी चार वाजता पाणीसमितीसमोर अहवाल मांडायचा होता. समितीचे अध्यक्ष तिचेच सर. अहवाल स्वीकारला गेला की पूर्ण प्राध्यापकपदाची तिची फाईल पुढे सरकणार होती, आणि सात नंबरची टाकी बंद होणार होती. टाकीवाल्याने हलगर्जी केली, असा ठपका ठेवून त्याला दूरच्या पंपघरावर पाठवणार, हे कचेरीत आत्ताच बोललं जात होतं.

त्याच आठवड्यात, सोळाव्या मंगळवारी, तिने त्याला सांगितलं होतं. सांगणं भागच होतं. त्याने वळून टाकीकडे पाहिलं.

"मी दर महिन्याला आत उतरून बघतो," तो म्हणाला. "एक भेग नाही."

"आकडे आहेत..."

"मग लिहा." त्याने झाकण तिच्या हातात दिलं. "जे असेल ते लिहा, मॅडम. माझ्याकडे बघून लिहू नका. चार हजार घरं आहेत."

परतताना जीपमध्ये ती त्याचंच बोलणं आठवत होती. त्याने गयावया केली असती, भांडला असता, तर सोपं गेलं असतं. आपण या माणसावर प्रेम करतो आणि आपणच त्याला इथून घालवतोय, हे तिला त्या उतारावर, तिसऱ्या वळणाशी, अगदी स्वच्छ कळलं.

बुधवारी संध्याकाळी ती घरी अहवालावर शेवटचा हात फिरवत होती. घरी ती आणि तिची आत्या अशा दोघीच. आत्याने टेबलावरचा पसारा आवरता आवरता नमुन्यांची वही उचलली आणि थबकली. मग वही नाकाशी नेली.

"अगं, हा वास कसला?"

"कसला?"

"ते मी तुला विचारतेय. तू तर वासाचा साबणसुद्धा घरात येऊ देत नाहीस. माझी पावडर मी कपाटात दडवून ठेवते." आत्याने पुन्हा वास घेतला. "आणि हा पुरुषी सेंट आहे हो. कुठेतरी पाणी मुरतंय..."

"आत्या, ती वही फक्त माझ्याकडे असते. आणि सात नंबरवर..." ती थांबली.

सात नंबरवर वही तो धरायचा. एका हातात वही, दुसऱ्या हातात झाकण.

तिने वही ओढून घेतली आणि नाकाशी धरली. तो वास तिच्या ओळखीचा होता. गेले कित्येक मंगळवार तो तिला येत होता, आवडतही होता, आणि पाण्यातला चिमूटभर अंश हुडकणाऱ्या या बाईला तो कुठून येतो असं विचारायचं एकदाही सुचलं नव्हतं.

"आत्या," ती खुर्चीत मागे टेकली, "मी गाढव आहे."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आत्या म्हणाली आणि वही तिच्या हातून काढून घेऊन तिसऱ्यांदा वास घेतला. "सेंट बाकी बरा आहे. माणूस कसा आहे?"

गुरुवारी सकाळी ती एकटीच टेकाडावर गेली. गुरुवारी ती कधीच यायची नाही. तो जुना, तेलकट शर्ट घालून पंपाखाली पालथा पडला होता, दाढी वाढलेली. तिला पाहून तो इतका गडबडला की पाना पायावर पाडून घेतला.

"आज... आज मंगळवार नाही," तो म्हणाला.

"मला वारही कळतात." तिने कोरी बाटली काढून फळीवर ठेवली आणि तिथेच, नळाशेजारी उघडली. "झाकणाला हात लावू नका. इथेच उभे राहा."

तिने पाणी वाहू दिलं, नमुना घेतला, दोन्ही बाटल्या बंद केल्या. त्याच्या अंगाला ग्रीसचा वास येत होता, बाकी कसलाही नाही. मग तिने हातमोजे काढले.

"एक विचारू? मंगळवारी तुम्ही सेंट लावता?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उत्तर तिथेच मिळालं होतं, पण संशोधकाला तोंडी दुजोरा लागतो.

"कधीपासून?"

"झाले असतील... दोन-अडीच महिने."

"आठव्या आठवड्यापासून?"

"तुम्ही एकदा म्हणालात ना," तो पायातल्या बुटाकडे बघत म्हणाला, "की इथे क्लोरीनचा वास जरा जास्तच येतोय. तुम्ही निघून गेल्यावर मी शर्टाचा वास घेऊन पाहिला. आम्हाला तो वास कळत नाही, मॅडम, सवय झालेली असते. मला वाटलं, माझ्याच अंगाला येतोय. म्हणून मग... आणली एक शिशी."

"मी पाण्यातल्या क्लोरीनच्या मात्रेबद्दल बोलत होते."

"आता कळलं."

"आणि दर आठवड्याला थोडा जास्त लावत होतात?"

त्याने चमकून वर पाहिलं. "हे तुम्हाला कसं कळलं?"

तिने पिशवीतून आलेखाचा कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला. सातव्या आठवड्यापर्यंत सपाट रेघ, मग पायऱ्या पायऱ्यांनी वर. त्याने तो कागद बराच वेळ न्याहाळला. बाराव्या आठवड्याच्या पायरीवर बोट ठेवलं.

"या मंगळवारी तुम्ही तो निळा कुडता घातला होता," तो हळूच म्हणाला. पुढे त्याचं बोट शेवटच्या पायरीवर गेलं. "आणि परवा तर अर्धी शिशी... म्हणजे मला बोलायला जमत नव्हतं, ते तुमच्या यंत्राने लिहून ठेवलं."

पंप मागे घरघरत होता. तिला खूप काही म्हणायचं होतं.

"निकाल उद्या दुपारी येईल," ती म्हणाली. "त्याआधी मी काहीच बोलणार नाही. नियम आहे."

"हो. नियम म्हणजे नियम," तो म्हणाला, आणि दोघंही आणखी पाच मिनिटं तिथेच उभे राहिले.

शुक्रवारी दुपारी एक वाजता चष्मेवाली धावत आली. आदल्या दिवशी थेंबबाईने तिला जीपमधल्या बाटलीसकट सगळं सांगितलं होतं. गुरुवारचा नमुना स्वच्छ. कोरी बाटलीही स्वच्छ, आणि या खेपेला खरोखरची. पाण्यात काहीच नव्हतं. जे होतं, ते झाकणावर होतं.

"मॅडम, फक्त एवढंच सांगू या ना, की फेरतपासणी चालू आहे," ती कुजबुजली. "कोरी बाटली जीपमध्ये उघडली होती हे कोणाला कळणार?"

तो मोह थेंबबाईला झाला नाही असं नाही. साधारण समितीच्या खोलीच्या दारापर्यंत तो टिकला. आत सर बसले होते, आणि शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, सात नंबर. त्याला खुलासा द्यायला बोलावलं होतं.

ती उभी राहिली. अहवाल तिने उघडलाच नाही.

"सात नंबरची टाकी निर्दोष आहे," ती म्हणाली. "नमुने माझ्या चुकीने बिघडले. झाकण मी दुसऱ्याच्या हाती दिलं, आणि कोरी बाटली जागेवर न उघडता जीपमध्ये उघडली. वहीत नोंद मात्र जागेवरची केली. टाकीवाल्यांचा यात काडीचाही दोष नाही. सोळा आठवड्यांचे सातचे आकडे मी मागे घेते."

खोलीत कुजबुज झाली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनीच घडवलेली मुलगी होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण दुःख होतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

"जीपमध्ये का?" त्यांनी विचारलं.

"वर गेल्यावर मला दहा मिनिटं वाचवायची होती, सर."

"कशासाठी?"

खोटं सांगणं सोपं होतं. ऊन होतं, घाई होती, काहीही. पण आदल्या दिवसापासून तिला खोट्या नोंदींचा कंटाळा आला होता.

"बोलण्यासाठी," ती म्हणाली. "टाकीवाल्यांशी."

शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली. सरांनी एकदा तिच्याकडे, एकदा मागे पाहिलं, सावकाश चष्मा चढवला आणि लेखनिकाकडे वळले. "लिहा. नमुना घेताना संशोधकाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. सातचे नमुने चार महिने पुन्हा घ्यावेत. पदोन्नतीचा विचार पुढच्या वर्षी." मग जरा थांबून ते तिला म्हणाले, "आरशात बघितलंस, हे बरं केलंस. आता जा."

ती बाहेर पायऱ्यांवर आली, तसा मागोमाग तोही आला. त्याने शर्टाच्या खिशातून अर्धी रिकामी शिशी काढली.

"ही फेकून देतो," तो म्हणाला. "माझ्यामुळे तुमचं पद गेलं."

"गेलं नाही, लांबलं. आणि माझ्यामुळे." तिने हात पुढे केला. "द्या इकडे."

त्याने शिशी दिली. तिने बूच काढलं, वास घेतला, आणि त्याला काही कळायच्या आत शिशी उपडी करून एक थेंब डाव्या मनगटावर लावला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मग जरा विचार करून उजव्याही.

तो घाबराच झाला. "अहो, पण... तुमचे नमुने?"

"आज शुक्रवार आहे. मंगळवारपर्यंत उडून जाईल." ती मनगट नाकाशी धरून म्हणाली. "तोवर मला प्रयोगशाळेत पाऊल ठेवता येणार नाही. मीच केलेला नियम आहे."

"म्हणजे तीन दिवस..."

"तीन दिवस."

तो बराच वेळ शब्द जुळवत राहिला. या वेळी तिने त्याला घाई केली नाही, वही काढली नाही, घड्याळही पाहिलं नाही.

"मग," तो शेवटी म्हणाला, "आमचा बोका बघायला याल?"

"येईन," ती म्हणाली. "आणि आत्याला घेऊन येईन. तिला माणूस कसा आहे ते बघायचंय."

"आणि तुम्हाला?"

"माझे सोळा आठवडे बघून झालेत. ते आकडे तेवढे मी मागे घेतलेले नाहीत."